नऊ बाय बारा इंचांची गोधडी

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आज गोधडीची गोष्ट सांगायची आहे. आपल्या गोधडीची नव्हे, अमेरिकेतल्या बायकांच्या गोधडीची. पण ऐकताना तुम्हाला ती परकी वाटणार नाही.

तिकडे गोधडीला क्विल्ट म्हणतात. वर तुकडे जोडून केलेलं कापड, मध्ये कापसाचा थर, खाली अस्तर, आणि तिन्हीतून आरपार घातलेले दोरे. आपण जुनी लुगडी, धोतरं एकावर एक अंथरून दोरे घालतो, त्यात कापूस घालतोच असं नाही. एवढाच काय तो फरक. त्यांच्याकडेही पूर्वी एका घरची क्विल्ट भरायला गल्लीतल्या बायका जमायच्या. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, चारी बाजूंनी बसायचं, हात सुईवर आणि तोंड गप्पांवर. आपल्याकडे दुपारी ओसरीवर गोधडी पसरली की जे होतं, तेच.

या गप्पांतून तिथल्या बायकांनी फार मोठी कामं केली आहेत. बायकांना मत द्यायचा हक्क नव्हता, अनेकींच्या हातात स्वतःचा पैसा नव्हता, पण सुई होती. १८३६ साली बोस्टन शहरात गुलामगिरीच्या विरोधात बायकांनी जत्रेसारखी विक्री भरवली होती. त्यात एक पाळण्यातली छोटी क्विल्ट होती, चांदण्यांच्या नक्षीची. मधल्या चांदणीत शाईने काही ओळी लिहिल्या होत्या. बाळाला कुशीत घेणाऱ्या आईने, जिचं बाळ तिच्यापासून ओढून विकलं जातं त्या गुलाम आईची आठवण ठेवावी, असा त्यांचा आशय. लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेचं नाव या क्विल्टशी जोडलं जातं. भाषण करायला उभं राहू दिलं नाही तर बाईने पाळण्यातल्या पांघरुणावर भाषण लिहिलं, असं आम्हाला त्यात दिसतं.

पुढे १८६१ ते १८६५ या यादवी युद्धात सैनिकांसाठी आणि मदतनिधीच्या विक्रीसाठी बायकांनी ढिगाने क्विल्ट शिवल्या. मग पहिलं महायुद्ध आलं. १९१७ मध्ये बायकांच्या एका मासिकाने रेडक्रॉससाठी क्विल्ट कशी करावी याची कृतीच छापली. युक्ती अशी होती: थोडे पैसे द्यायचे आणि आपलं नाव क्विल्टवर लाल दोऱ्याने भरून घ्यायचं. शेकडो नावं झाली की पैसे रेडक्रॉसला. वरून ती क्विल्ट लिलावात विकायची किंवा सैनिकांच्या दवाखान्यात पाठवायची. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, फरशीवर देणगीदाराचं नाव कोरतात ना, तसंच हे. फक्त दगडाऐवजी कापड, आणि कोरणारी बाई.

तिकडची आणखी एक गोधडी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८० च्या दशकात एड्सने माणसं मरत होती आणि घरची माणसं आजाराचं नावसुद्धा घेत नव्हती. क्लीव्ह जोन्स नावाच्या कार्यकर्त्याने सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक कल्पना काढली. गेलेल्या प्रत्येक माणसासाठी तीन फूट बाय सहा फुटांचं एक कापड शिवायचं, म्हणजे साधारण माणसाला पुरतात तेवढ्याच मापाचं. ११ ऑक्टोबर १९८७ रोजी वॉशिंग्टनच्या मोठ्या मैदानावर अशी १,९२० कापडं जोडून अंथरली. जे नाव घरात कुजबुजत घेतलं जायचं, ते उघड्या आभाळाखाली सगळ्यांनी वाचलं.

आता आपल्या मूळ विषयाकडे येऊ.

अल्झायमर हे नाव तुम्ही टीव्हीवर ऐकलं असेल. ते एका डॉक्टरचं नाव आहे. १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या दवाखान्यात एक बाई दाखल झाली, वय अवघं एक्कावन्न. आठवण जात होती, नवऱ्यावर संशय घ्यायची, स्वतःचं नाव लिहिता लिहिता अडायची. अलॉइस अल्झायमर या डॉक्टरांनी तिच्या बारीकसारीक नोंदी ठेवल्या. १९०६ साली ती वारल्यावर त्यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. त्यात पेशींच्या बाहेर साठलेली पुटं होती, आणि पेशींच्या आत धाग्यांचे गुंते होते. दोऱ्याच्या रिळाला गुंता पडावा तसे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी हे डॉक्टरांच्या सभेत सांगितलं, पण तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९१० मध्ये त्यांच्या वरिष्ठांनी पुस्तकात या आजाराला त्यांचं नाव दिलं.

हे सांगायचं कारण असं की हा आजार आहे हे त्या बाईच्या मेंदूत दिसलं. म्हणजे तो चळ नव्हे, करणी नव्हे, पूर्वजन्मीचं पापही नव्हे. शंभराहून जास्त वर्षं झाली हे दिसून, आणि आपल्या गावात अजून आपण म्हणतो, ‘म्हातारीला चळ लागलाय.’

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लिंट गावी ॲमी सिम्स नावाची बाई राहते. क्विल्ट करणं, शिकवणं, त्यावर पुस्तकं लिहिणं हाच तिचा व्यवसाय. तिच्या आईला अल्झायमर झाला. औषधाने तो बरा होत नाही हे डॉक्टरांकडून कळलं. आईची काळजी घ्यायची ती घेतलीच, पण जानेवारी २००६ मध्ये तिने एक काम सुरू केलं. देशभरातल्या क्विल्ट करणाऱ्या बायकांना तिने सांगितलं, एक छोटी क्विल्ट करून दान द्या, ती विकून पैसे अल्झायमरच्या संशोधनाला देऊ.

छोटी म्हणजे किती? नऊ इंच बाय बारा इंच, त्याहून मोठी नको. आपल्या वहीच्या पानाएवढी. हे माप काही शोभेसाठी ठरवलं नव्हतं. अमेरिकेच्या टपालखात्याचं एक ठरावीक दराचं पाकीट असतं. त्यात मावेल ते एकाच दरात देशभर कुठेही जातं. क्विल्ट त्या पाकिटात न दुमडता बसली पाहिजे, हा सगळा हिशेब. त्या पाकिटाच्या टपालसेवेचं नाव ‘प्रायॉरिटी’, म्हणजे अग्रक्रम, आणि अल्झायमरला अग्रक्रम द्या हेच तर सांगायचं होतं. म्हणून या क्विल्टनाही तेच नाव दिलं. आम्ही गेली काही वर्षं बायकांचा माल प्रदर्शनाला नेतो. नगाच्या वजनाने आणि भाड्याने कसा नफा खाल्ला जातो ते आम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे या बाईच्या हुशारीतलं सगळ्यात आवडलेलं काय विचाराल, तर ते पाकीट.

शिवाय छोटं काम कुणालाही झेपतं. पूर्ण गोधडीला महिना जातो. वहीच्या पानाएवढी गोधडी दोन-चार दुपारी होते, घरात पडलेल्या चिंध्यांतून होते. नवशिकीलाही देता येते आणि नावाजलेल्या बाईलाही. आलेल्या क्विल्ट इंटरनेटवर लिलावाला लावायच्या, काही थेट विकायच्या, काही क्विल्टच्या मोठ्या प्रदर्शनांत मांडायच्या. कुणी थोडक्या डॉलरना घेतली, कुणासाठी चढी बोली लागली. नोंद करणं, फोटो काढणं, पाकिटं भरणं, हिशेब ठेवणं, सगळं बायका बिनपगारी करत होत्या.

त्याच वर्षी या संस्थेने एक फिरतं प्रदर्शनही काढलं. बावन्न क्विल्ट, सगळ्या विसरण्याबद्दलच्या. नावाचा अर्थ साधारण ‘तुकड्या-तुकड्याने विसरणं’ असा होता. क्विल्ट तुकडे जोडत जोडत होते आणि आठवण तुकडे गळत गळत जाते, हे त्या नावात आलं. प्रत्येक क्विल्टसोबत करणारीने चार शब्द लिहिले होते. कुणाची आई, कुणाचा बाप, कुणाचा नवरा. उसवलेला टाका, विटलेला रंग, निसटलेलं ठिगळ... विसरणं दाखवायला कापडासारखं दुसरं काही नाही असं आम्हाला वाटतं. हे प्रदर्शन जवळपास तीन वर्षं गावोगाव फिरलं. पुढे दुसरंही निघालं. त्यात आजारी माणसांची नावं लिहिलेले कापडाचे तुकडे जोडून केलेल्या क्विल्ट होत्या.

आठ वर्षं हे चाललं. दहा लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. त्या वर्षांतल्या भावाने धरलं तर आपले पाच-सहा कोटी रुपये. २०१३ च्या शेवटी संस्थेने काम आटोपतं घेतलं. ठरवलेलं काम करायचं, हिशेब द्यायचा आणि बंद करायचं. हेही शिकण्यासारखं आहे. आपल्याकडे समित्या मरतात, पण बंद होत नाहीत.

आता थोडं उलट बाजूने बोलू. ही गोष्ट आम्ही गटात सांगितली की एक प्रश्न हमखास येतो: ‘फुकट का द्यायचं?’ प्रश्न रास्त आहे. बायकांचं काम फुकटच असतं असं सगळे धरून चालतात. गावात कार्यक्रम असला की रांगोळी गटाच्या बायकांनी काढायची, स्वयंपाक त्यांनीच करायचा, सत्कार मात्र दुसऱ्याचा. एका ठिकाणी आमच्या बायकांच्या गोधड्या ‘भेट’ म्हणून मागून घेतल्या आणि साधा दोऱ्याचा खर्चही दिला नाही. म्हणून फुकट या शब्दाची आम्हाला धास्ती आहे.

पण सिम्सबाईंच्या कामात आणि त्यात फरक आहे. इथे काम कशासाठी द्यायचं ते बायकांनी स्वतः ठरवलं. क्विल्टला किंमत लागली आणि ती किंमत सगळ्यांसमोर लिहिली गेली. पैसा कुठे गेला ते सांगितलं. किंमत करून दिलेलं दान वेगळं आणि किंमतच न करता नेलेलं काम वेगळं. आमचं मत विचाराल तर गटाने कुणालाही काही देताना आधी त्याची किंमत वहीत लिहावी, मग खुशाल द्यावं.

दुसरा प्रश्न आमच्यातल्या एका शहाण्या मावशींचा: ‘एवढ्या पैशात रोग बरा झाला का?’ नाही झाला. एक औषध शोधून बाजारात आणायला याच्या कितीतरी पट पैसा लागतो. संशोधनात बरीच वर्षं काही हाती लागत नाही, लागलं तरी ते पुढच्या पिढीला. त्या क्विल्ट करणाऱ्या बायकांना हे कळत नव्हतं असं नाही. ज्यांच्या आया आधीच विसरून गेल्या होत्या, त्यांना या पैशाचा उपयोग होणार नव्हता. तरी त्यांनी दोरे घातले. आंब्याचं झाड लावणाऱ्या आजीला आपण ‘तू किती आंबे खाणार’ असं विचारत नाही.

हा आजार आता अमेरिकेचाच राहिलेला नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. म्हणजे शंभरातले सातहून जास्त. त्याच पाहणीत पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात प्रमाण जास्त दिसलं. अल्झायमर हे स्मृतिभ्रंशाचं सर्वांत मोठं कारण, एकमेव नव्हे.

म्हणजे आपल्या गावातही अशी घरं असणारच. लक्षणं तुम्हीच आठवून बघा. चहा घेऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोवर ‘मला कुणी चहा देत नाही’ म्हणणारी सासू. रोजच्या पाणवठ्यावरून परत येताना वाट चुकणारी आजी. दागिना धान्याच्या कणगीत ठेवून सुनेवर चोरीचा आळ घेणारी. या आळापायी किती घरांत चुली वेगळ्या झाल्या असतील! सून म्हणते, सासू मुद्दाम करते. गाव म्हणतं, सून बघत नाही. देवऋषी म्हणतो, कोंबडं द्या. आणि आजारी बाई मनातून घाबरलेली असते, कारण तिला खरंच आठवत नसतं. काळजी घेणारी पुन्हा बाईच. तिला ना सुट्टी, ना शाबासकी.

गटातही हे दिसतं. हप्ता दिला की नाही यावरून भांडण झालं, तर समोरची लबाड आहे असं म्हणायच्या आधी तिचं वय आणि गेल्या वर्षभरातलं वागणं बघा. पासबुकावर तिच्यासमोर नोंद करा, घरच्या एकाला बसवा. जमिनीच्या, घराच्या कागदावर अशा बाईचा अंगठा कुणी गुपचूप घेत असेल तर तेव्हा मात्र गप्प बसू नका.

आणखी एक. नावं, तारखा विसरल्या तरी हातांना सवयीची कामं बऱ्याचदा पुष्कळ दिवस आठवतात. ज्या आजीला नातवाचं नाव सुचत नाही, ती सुई-दोरा दिला तर धावदोरा सरळ घालू शकेल, असं होतं. टाके वाकडे आले तर येऊ द्या. तिला गोधडीपाशी बसवा, सुई मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

विसरणं वाढतंय असं वाटलं तर आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. थायरॉइड, बी-बाराची कमतरता, मनाची उदासी, काही औषधं यांनीही विसरायला होतं, आणि त्यातलं बरंचसं उपचारांनी सुधारतं. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन आहे, १४५६७, सकाळी आठ ते रात्री आठ, फोनला पैसे पडत नाहीत. नंबर गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. २१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या महिन्याच्या बैठकीत येताना प्रत्येकीने वहीच्या पानाएवढा एक तुकडा शिवून आणायचा असं आमच्या ग्रामसंघात ठरलंय. विकायचा की ठेवायचा, आणि विकला तर पैसे कुणाला द्यायचे, ते त्या दिवशी बसून ठरवू.