सूज उतरण्याची वाट कशाला?

‘सुजेवर दात काढू नये, आधी गोळ्या घ्या, सूज उतरली की बघू.’ हा सल्ला घरोघरी मिळतो, औषधाच्या दुकानात मिळतो, कधी दवाखान्यातही. त्याच्या बाजूने दोन कारणं दिली जातात. सुजलेल्या जागी भूल चढत नाही, हे एक. आणि अशा वेळी दात ओढला तर पू अंगभर पसरतो, हे दुसरं.

पहिल्यात तथ्य आहे. पू साचलेल्या जागी आम्लता वाढते आणि भुलीचं औषध कमी चालतं. पण सुई सुजेतच टोचावी असं कुठे आहे? खालच्या जबड्याची नस मागे, सुजेपासून दूर गाठून बधिर करता येते. दुसरं कारण मात्र साफ उलटं आहे. पू पसरतो तो कोंडून राहिल्यामुळे.

गोळ्यांवर भिस्त ठेवणारे एक गोष्ट विसरतात. किडीने दाताची नस मेली की मुळाच्या पोकळीतला रक्तपुरवठा बंद पडतो. औषध जातं रक्तातून. जिथे रक्तच जात नाही तिथे ॲमॉक्सिसिलिन कसं पोचणार? भोवतालची सूज ओसरते, रोगी खूश होतो, जंतूंचं ठाणं मात्र शाबूत. ‘दाढ आपोआप थांबली’ म्हणतात तेही पुष्कळदा असंच: ठणका थांबतो, कारण ठणकणारी नसच मेलेली असते. दातावर लगेच उपचार शक्य असतील तर धडधाकट प्रौढाच्या बहुतेक दातदुखीत आणि मुळाशीच राहिलेल्या गळवात प्रतिजैविकं देऊ नयेत, असं अमेरिकन डेंटल असोसिएशनने २०१९ मध्ये सांगितलं. उपचार म्हणजे रूट कॅनाल, गळवाला छेद देऊन निचरा, नाहीतर दात काढणं.

इतिहासाची साक्षही हीच. जिभेखाली आणि हनुवटीखाली पसरणारी, लाकडासारखी टणक सूज १८३६ मध्ये स्टुटगार्टच्या विल्हेल्म फ्रिडरिश फॉन लुडविग यांनी वर्णिली. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचं मूळ बहुधा खालच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दाढेत असतं. या दाढांची मुळं तोंडाच्या तळाच्या स्नायूखाली उतरलेली, म्हणून पू थेट गळ्याच्या बाजूला जातो, जीभ वर-मागे रेटली जाते आणि माणूस गुदमरतो. अमेरिकेत विल्यम्स यांनी १९४० मध्ये अशा ३१ रोग्यांची नोंद छापली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण ५४ टक्के होतं. १९४३ मध्ये त्यांनीच गुरॅल्निक यांच्यासह २० रोग्यांची नोंद दिली. प्रमाण १० टक्क्यांवर आलेलं. पेनिसिलिन तेव्हा सामान्य रोग्याच्या हाती आलंच नव्हतं. श्वासाची वाट आधी सांभाळणं आणि लवकर छेद देऊन दाब मोकळा करणं, यांनी हा फरक पाडला.

म्हणून गोळ्या निरुपयोगी, असं मी म्हणत नाही. ताप आला, सूज गालावर-मानेवर पसरू लागली, मधुमेह ताब्यात नसला, तर प्रतिजैविक हवंच. पण उपचारांच्या जोडीला, त्यांच्या जागी नव्हे. अर्धवट उगवलेल्या अक्कलदाढेभोवती हिरडी सुजते तेव्हा दाढ लगेच काढावी की नाही, यावर दंतवैद्यांतही मतभेद आहेत. एवढ्यापुरता जुना सल्ला मान्य.

टाळाटाळ किती महाग पडते? २००७ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये १२ वर्षांचा एक मुलगा दाताच्या गळवाचे जंतू मेंदूत शिरून दगावला. तो दात काढायला सुमारे ८० डॉलर पुरले असते.

तेव्हा दाढ सुजली तर दुकानातून गोळ्यांची पट्टी आणू नका, दंतवैद्याकडे जा. आणि तोंड उघडेना, घोट गिळवेना, लाळ गळू लागली, आवाज बदलला किंवा जिभेखाली सूज आली, तर दंतवैद्याच्या वेळेचीही वाट पाहू नका. थेट मोठं रुग्णालय गाठा, आणि रोग्याला आडवं न करता बसवूनच न्या.