ताम्हणात मावलेले देऊळ

मधोमध मुख्य देऊळ आणि चार कोपऱ्यांत चार लहान देवळे अशी मांडणी असली, की त्याला पंचायतन म्हणतात. हेच पंचायतन घरी ताम्हणात मावते, तेव्हा त्यात पाच दगड असतात: काळा शाळिग्राम, लांबट गुळगुळीत बाण, तांबूस शोणभद्र, सोनेरी रेघ असलेला देवीचा पाषाण आणि आरपार दिसणारा स्फटिक. अनुक्रमे विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य. नाक नाही, डोळे नाहीत, हातात आयुधे नाहीत. एखाद्या पोराने नदीकाठून खिशात भरून आणलेले गोटे वाटावेत, असे हे देव.

आजोबांची पूजा तासभर चालायची, आपली दहा मिनिटांत उरकते, अशी खंत अनेक घरांत ऐकू येते. पण या पाच गोट्यांची कुळी शोधत मागे गेले, की वेगळेच दिसते. पूजा आटोपशीर होत गेली म्हणूनच ती रोजची झाली. पंचायतन हेच मुळी एका मोठ्या काटछाटीचे फळ आहे.

वैदिक काळात गृहस्थाच्या घरी मूर्ती नव्हती, अग्नी होता. रोज करायचे पाच यज्ञ सांगितले होते: ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि मनुष्ययज्ञ. त्यातला देवयज्ञ म्हणजे अग्नीत आहुती. घरात अग्नी सतत राखणे हे सोपे काम नव्हते. पुढे मूर्तिपूजा रुजली, तशी देवयज्ञाची जागा हळूहळू देवपूजेने घेतली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात हे स्थित्यंतर तपशिलाने आले आहे. होमकुंडाच्या जागी ताम्हण आले आणि तुपाच्या आहुतीच्या जागी पळीभर पाणी.

दुसऱ्या बाजूला देवळे उभी राहत होती. उत्तर प्रदेशात ललितपूर जिल्ह्यात देवगडचे दशावतार मंदिर आहे. गुप्तकाळातले, इसवी सन 500 च्या आसपासचे. त्याची मांडणी पंचायतन आहे. खजुराहोचे लक्ष्मण मंदिर 954 सालचे, त्याच्या जोत्यावर चारही कोपऱ्यांतली देवळे अजून शाबूत आहेत. आपल्याकडे सिन्नरचे यादवकाळातले गोंदेश्वर: मध्ये महादेव आणि भोवती पार्वती, गणपती, सूर्य, विष्णू. पंचायतन पूजेचे श्रेय परंपरा आद्य शंकराचार्यांना देते. त्यांना षण्मतस्थापनाचार्य म्हणतात, कारण या पाचांबरोबर कार्तिकेयाचे सहावे मतही त्यांच्याकडे जाते. पण शंकराचार्यांचा काळ साधारण आठवे शतक, आणि देवगडचे देऊळ त्याच्या दोन-तीन शतके आधीचे. चार देवांना एकाच्या भोवती बसवण्याची रीत पाथरवटांच्या हाती आधीच होती. शंकराचार्यांना मानणाऱ्या स्मार्तांनी तिला घरात जागा दिली आणि तिच्यामागे एक विचार उभा केला: पाचही रूपे एकाच ब्रह्माची, तेव्हा मध्ये कोणाला बसवायचे ते ज्याने त्याने ठरवावे.

शैव-वैष्णवांची भांडणे जुनी. पंचायतनाने ती वादात न मिटवता मांडणीत मिटवली. शिव मध्ये घेतला तर ईशान्येला विष्णू, आग्नेयेला सूर्य, नैऋत्येला गणपती, वायव्येला देवी. विष्णू मध्ये घेतला तर ईशान्येला शिव, आग्नेयेला गणपती, नैऋत्येला सूर्य, वायव्येला देवी. घर बदलले की मधला देव बदलतो, ताम्हणातून मात्र कोणी बाहेर जात नाही. सासरी शिवपंचायतन आणि माहेरी विष्णुपंचायतन असले, म्हणून सुनेला नवे दैवत शिकावे लागत नाही; देवांच्या जागा तेवढ्या ध्यानात ठेवायच्या.

देऊळ घरात आणायचे तर ते लहान हवे. याचे मोजमापही ठरले होते. घरातली मूर्ती अंगठ्याच्या पेराएवढी असावी आणि फार तर वीतभर, त्याहून मोठी नको, असे मत्स्यपुराण सांगते. गर्दी होऊ नये म्हणूनही नियम झाले: घरात दोन लिंगे पुजू नयेत, दोन शंख नकोत, दोन शाळिग्राम नकोत, तीन गणपती नकोत. हे निषेध ऐकताना भीती वाटते, पण त्यांचा परिणाम अगदी व्यवहारी आहे. प्रत्येक यात्रेहून एकेक देव घरी आला असता, तर चार पिढ्यांत देव्हाऱ्याची वखार झाली असती आणि रोजची पूजा कोणाच्याच आवाक्यात राहिली नसती.

याहून मोठी सोय दगडांच्या निवडीत आहे. गणेशचतुर्थीची पार्थिव मूर्ती आठवा. आधी प्राणप्रतिष्ठा करावी लागते, आणि उत्सव संपला की उत्तरपूजा होऊन विसर्जन. तांदळावर सुपारी मांडून गणपती केला, तरी त्याचे आवाहन करावे लागते आणि कार्य झाले की निरोपही द्यावा लागतो. शाळिग्राम आणि बाण यांना यातले काहीच लागत नाही. माणसाने घडवलेले नाहीत, निसर्गातच तसे झाले, म्हणून देव त्यांत मुळातच आहे, असे शास्त्र मानते. त्यांना बोलवायचे नाही आणि पाठवायचेही नाही. त्यामुळे प्रतिष्ठेसाठी पुरोहिताची वाट पाहावी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. अंघोळ करून घरच्या माणसाने पाटावर बसायचे, एवढेच.

हे दगड येतात कुठून? शाळिग्राम नेपाळातल्या काळी गंडकीच्या पात्रातला, मुक्तिनाथाच्या वाटेवरचा. काळ्या शेल खडकाच्या गाठीत अमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याचा जीवाश्म असतो. हिमालय उभा राहण्याआधी तिथे टेथिस समुद्र होता, त्यातला हा जीव, काही कोटी वर्षांपूर्वीचा. गोटा फुटला की आत शिंपल्याचे वेटोळे दिसते. तेच विष्णूचे चक्र. काही गोट्यांत सोनमाखीचे पिवळे कण चमकतात. वज्रकीट नावाच्या किड्याने दगड कोरून ही चक्रे केली, अशी जुनी समजूत आहे. भूगर्भशास्त्राचे नावही ऐकले नव्हते अशा काळात त्या वेटोळ्यामागे लोकांनी एक जिवंत प्राणी ओळखला होता, याचे नवल वाटते.

बाण नर्मदेतला. सूक्ष्मकणी, टणक दगड वर्षानुवर्षे प्रवाहात घासून अंड्यासारखा होतो. पाण्यात राहूनही आतून कोरडा, म्हणून मराठीत निर्ढावलेल्या माणसाला ‘नर्मदेतला गोटा’ म्हणतात. तोच गोटा देव्हाऱ्यात महादेव असतो आणि यात कोणाला विसंगती वाटत नाही. आता मध्य प्रदेशात खरगोन जिल्ह्यातल्या बकावां गावी कारागीर नर्मदेच्या दगडांना घडवून, झिलई देऊन शिवलिंगे करतात. गणपतीचा तांबूस दगड शोण नदीचा. नर्मदा आणि शोण दोन्ही अमरकंटकच्या डोंगरात उगम पावतात. एक पश्चिमेला खंबायतच्या आखाताकडे जाते, दुसरी बिहारात गंगेला मिळते. त्यांचे ठरलेले लग्न मोडले म्हणून नर्मदा पाठ फिरवून उलटी गेली, अशी तिकडची लोककथा आहे. म्हणजे महादेव आणि गणपती हे बाप-लेक एकाच डोंगरातून निघून दोन दिशांनी गेले आणि ताम्हणात पुन्हा भेटले. देवीचा पाषाण सुवर्णमुखीचा, म्हणजे आंध्रात तिरुपती आणि श्रीकालहस्तीच्या बाजूने वाहणाऱ्या नदीचा. सूर्याचा स्फटिक तंजावरजवळच्या वल्लमचा. तंजावरवर 1855 पर्यंत भोसल्यांचे राज्य होते, त्यामुळे निदान हे नाव मराठी कानाला परके नाही. नेपाळ, माळवा-निमाड, बिहार, आंध्र, तमिळ मुलूख: न हलता रोज सकाळी एवढी यात्रा घरी घडत असे.

ती घडते कशी, हे एकदा जवळून पाहू. आदल्या दिवशीचे निर्माल्य काढायचे. देव ताम्हणात घ्यायचे, बाण पितळी शाळुंकेत. सहाणेवर चंदनाचे खोड उगाळून गंध करायचे. सोळा उपचारांची पूजा पुरुषसूक्तावर बसवली आहे; ऋग्वेदातल्या या सूक्ताच्या ऋचाही सोळाच, एकेका ऋचेला एकेक उपचार. स्नानाच्या वेळी पळीने किंवा गळतीने पाण्याची धार धरायची. मग फडक्याने देव टिपून आपापल्या जागी बसवायचे आणि गंध लावायचे. इथे खरी मेख आहे, कारण पाचांच्या आवडी पाच. विष्णूला अक्षता चालत नाहीत, त्याला तुळस हवी. तीच तुळस गणपतीला चालत नाही, त्याला दूर्वा. देवीला दूर्वा वाहायच्या नाहीत. सूर्याला बेल वाहायचा नाही आणि महादेवाचे तर बेलावाचून भागत नाही. परडीत सगळे एकत्र असते, हाताला मात्र निवड करावी लागते. मंत्र ओठांवर सवयीने येतात आणि मन दुसरीकडे भटकू शकते. पण डावीकडची तुळस उजवीकडे जाऊ नये एवढे भान ठेवावेच लागते. शेवटी शाळिग्रामाचे तीर्थ पळीने तळहातावर, उरलेले पाणी तुळशीत.

महाराष्ट्रात पंचायतनाला पेशवाईत राजाश्रय मिळाला. पुण्याच्या पर्वतीवर नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये बांधलेले देवदेवेश्वर शिवपंचायतन आहे. सांगलीला पटवर्धनांचे गणेशपंचायतन. घरात मात्र शास्त्रातले पाच दगड क्वचितच शुद्ध राहिले. बाण आणि शाळिग्राम टिकले, पण लेकीला लग्नात दिलेली पितळी अन्नपूर्णा आली आणि देवीच्या जागी बसली. तिच्या जोडीला रांगता बाळकृष्ण आला. गणपती धातूचा झाला. दूरच्या नदीचा दगड मिळाला नाही म्हणून पूजा अडली नाही.

हेही सांगायला हवे, की पंचायतन हा मुख्यतः ब्राह्मणी घरांचा प्रकार. बाकीच्या महाराष्ट्राने देव लहान करण्याची आपली रीत शोधली: टाक. चांदीच्या किंवा तांब्या-पितळेच्या पत्र्यावर ठसा उठवून केलेले खंडोबा, भवानी, बहिरोबा आणि घरातले पूर्वजही. झिजले की सोनाराकडून उजळून घ्यायचे. कार्य निघाले की कुलदैवताच्या गावी नेऊन देवाला भेटवून आणायचे. जेजुरीला असे टाक फडक्यात बांधून घेऊन येणारी कुटुंबे आजही दिसतात. दगड असो वा पत्रा, गरज तीच: डोंगरावरचा देव मुठीत मावला पाहिजे.

मग छापखाना आला. 1878 मध्ये पुण्यात चित्रशाळा निघाली, पुढे रविवर्म्याचा छापखाना निघाला, आणि देव कागदावर उतरले. चित्रशाळेच्या तसबिरींत रामपंचायतनही होते: राम, सीता आणि तिघे भाऊ. शब्द तोच, देव वेगळे. तसबिरीला स्नान नको, सोवळे नको, सोळा उपचार नकोत. खिळा ठोकला की देव्हारा झाला. ज्यांना दगड मिळत नव्हते किंवा ज्यांच्या हातची पूजा कोणी मान्य करत नव्हते, अशा घरांतही रोजची उदबत्ती लागली ती या कागदामुळे. लाकडी देव्हाऱ्याला जे साधले नव्हते, ते एका चौकटीने साधले.

दगडाची अट मात्र कडक राहिली: देव पारोसे राहता कामा नयेत. ज्या शाळिग्रामाला आवाहन लागत नाही, त्याला सुट्टीही देता येत नाही. म्हणून भावाभावांत पूजेच्या पाळ्या लागत, गावाला जाताना देव संपुष्टात घालून शेजारी दिले जात. वाटण्यांत शेत आणि भांडी सहज वाटली जात. देव कोणी न्यायचे, यावर मात्र बोलणी थांबत. आता दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात हा प्रश्न रोजचाच. काही जण बाण-शाळिग्राम एखाद्या देवळात देतात, अन्नपूर्णा आणि गणपती तेवढे ठेवतात. परदेशी निघालेली मुले सामानात अन्नपूर्णा नेतात, शाळिग्राम इथेच आई-वडिलांकडे राहतो.

यात धर्म बुडाला असे म्हणणाऱ्यांनी शास्त्रकारांची सोय पाहावी. सोळा उपचार जमत नसतील तर पाच करा, असे त्यांनीच सांगितले: गंध, फूल, धूप, दीप, नैवेद्य. तेही शक्य नसेल तर मानसपूजा. आज फ्लॅटमधल्या फळीवरच्या देव्हाऱ्यापुढे जे होते, ते म्हणजे नेमके हे पाच उपचार. यज्ञातून पूजा आली, देवळातून ताम्हण, ताम्हणातून तसबीर. दर वेळी काहीतरी सुटले आणि दर वेळी आणखी काही घरांना ते करणे जमले. दहा मिनिटांची पूजा या घराण्यातलीच आहे. तिने लाजण्याचे कारण नाही. उद्याही तेवढीच दहा मिनिटे काढली म्हणजे झाले.