लोणावळ्याचा तह : घरच्या भांडणाचा शेवट

टाकव्याहून कान्ह्याकडे येताना नैऋत्येला विसापूरचे पठार दिसते; त्याला लागून लोहगड. आंदर मावळातल्या आम्हा मुलांना १७७९ ची वडगावची लढाई पाठ होती. त्याआधी ६५ वर्षे आपल्याच तालुक्यात एक तह झाला, हे मला फार उशिरा कळले.

१७०७ मध्ये शाहू मोगलांच्या कैदेतून सुटले आणि स्वराज्यात दोन पक्ष पडले. कान्होजी आंग्रे ताराबाईंच्या बाजूचे. साताऱ्याच्या लेखी ते फुटीर, स्वतःच्या लेखी इमानी. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना त्यांच्यावर धाडले. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केले. लोहगड, राजमाची घेतले. तलवारीचा उपाय असा उलटला.

मग पेशवाई बाळाजी विश्वनाथांकडे आली. ते मूळचे श्रीवर्धनचे, कोकण जाणणारे. १७१४ च्या आरंभी लोणावळ्याजवळ वळवण येथे दोघे भेटले. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा, पिंगळ्यांना मुक्त करावे, राजमाचीखेरीज घेतलेले किल्ले परत द्यावेत. शाहूंनी त्यांचे सरखेलपद, आरमार, १० किल्ले आणि १६ लहान ठाणी मान्य करावीत, असे ठरले.

मला यातली राजमाची महत्त्वाची वाटते. बोरघाटावर नजर ठेवणारा किल्ला कालच्या शत्रूच्या हाती राहू देणे सोपे नव्हते. पण समोरच्याला मान खाली घालून परत पाठवले, तर तह टिकत नाही. शिवाय जंजिऱ्याचा सिद्दी दोघांचाही वैरी होता. कान्होजी १७२९ मध्ये वारले, तोवर समेट टिकला. सातारा-कोल्हापूर वाद मात्र १७३१ च्या वारणेच्या तहानेच मिटला. वारणा नदी हद्द ठरली.

पुढची गोष्ट कडू आहे. १७५५ मध्ये पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांशी हात मिळवला. दुसऱ्या वर्षी विजयदुर्गाच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. आजोबांनी बोलून जोडलेले घर नातवाने परक्याला बोलावून मोडले.

तह एकदा करून भागत नाही. प्रत्येक पिढीला तो नव्याने पाळावा लागतो. वळवणच्या धरणाच्या भिंतीवर संध्याकाळी गर्दी असते. तिथे उभा राहिलो की मला पाण्यापेक्षा ती बैठकच दिसते.