तळटीप ७ : ज्वारीच्या दाण्यातली ढाल

७. ढाल : मूळ मजकुरात किडीची आणि दाण्याची ढाल एकाच वाक्यात आली आहे, आकाराखेरीज दोघींचे नाते नाही. अकोला-अमरावतीकडे कपाशीची बोंडे उमलली की दिसणाऱ्या लाल ढेकणाच्या पाठीवर, पंखांच्या मुळांमध्ये, एक छोटा त्रिकोण असतो. ही किडीची ढाल म्हणजे छातीच्या मधल्या खंडाच्या पाठीचा एक भाग. काही चकचकीत ढेकणांत ती वाढून पंखांसकट सारे पोट झाकते, म्हणून ते भुंगेरे वाटतात.

ज्वारीची ढाल अधिक नवलाची. कोंभ आणि पिठूळ गर यांच्यामध्ये ती चिकटलेली असते. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला दाण्याचे एकुलते बीजदल मानतात. ती मातीबाहेर येत नाही, हिरवीही होत नाही. मृगाच्या ओलीने दाणा फुगला की तिच्यातून विकरे पाझरतात, गरातल्या पिठाची साखर होते, आणि ती साखर शोषून कोंभाला पोचवण्याचे कामही तिचेच. (बार्लीत विकरांचा मोठा वाटा गराभोवतीच्या थराचा असतो.) दाण्यातले तेलही बहुतांशी ढालीसह अंकुरातच साठते, वऱ्हाडात ज्वारी लागेल तशी दळून आणायची रीत होती, ती उगाच नव्हे. ठेवलेले पीठ या तेलामुळेच कडवट होते. — संपा.