चित्र आलं, पण रंग कुठे गेले?

दिवाळीत दुधनीला गेले तेव्हा माळ्यावरून दादाचा जुना व्हिडिओ गेम खाली काढला. पिवळी पिन टीव्हीला लावली, तर चित्र ब्लॅक अँड व्हाइट. वायर बदलली, अडॅप्टर बदलला, काही फरक नाही. दादा म्हणाला, दे भंगारात.

मी आधी झाकण उघडलं. आतल्या क्रिस्टलवर २१.४७७ हा आकडा होता. सहाने भागा: ३.५८ मेगाहर्ट्झ. ही जपान-अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीची रंगलहर! १९८३ साली जपानमध्ये निन्टेंडोचा फॅमिकॉम आला. आपल्याकडे कॅसेटवाले जे स्वस्त गेम मिळायचे ते बहुतेक त्याच्याच नकला. भारताने मात्र १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते पाल पद्धतीने. पालचा टीव्ही रंग शोधतो ४.४३ मेगाहर्ट्झवर. तिथे काही सापडलं नाही, की नुसता उजेड-अंधार दाखवतो.

एनटीएससीत ५२५ रेषा आणि सेकंदाला साधारण ६० फील्ड, पालमध्ये ६२५ आणि ५०. म्हणून जुन्या डबा टीव्हीवर असं चित्र वर-खाली पळायचं; व्ही-होल्डचं बटण फिरवून ते थांबवावं लागे. म्हणजे ज्याला आपण बिघाड म्हणतो, तो कधीकधी मशीन कुठल्या बाजारासाठी बनलं याचा पुरावा असतो. संशोधनात असा डेटा ‘खराब’ म्हणून फेकायची घाई मीही केलीय.

टीव्हीच्या मेनूत कलर सिस्टीम ‘पाल’वर होती. ‘ऑटो’ केली. रंग आले, आणि दादा रात्री दीडपर्यंत उठला नाही.