दाट कुरळे केस आणि विंचरणारे हात

आई-वडिलांपैकी एक आफ्रिकी वंशाचा आणि दुसरा युरोपीय वंशाचा असेल, तर मुलाचे केस बहुधा दाट, कुरळे आणि कोरडे असतात. सरळ केसाचे मूळ त्वचेत उभे असते, कुरळ्या केसाचे वाकडे. आडवा छेद घेतला तर कुरळा केस गोल न दिसता चपटा दिसतो. टाळूवर पाझरणारे तेल सरळ केसावरून टोकापर्यंत सहज उतरते. कुरळ्या केसात ते पहिल्या काही वळणांतच अडकते. त्यामुळे टोके रुक्ष राहतात आणि प्रत्येक वळणावर केस तुटण्याचा धोका असतो. मिश्रवंशीय मुलाच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. एकाच डोक्यावर कपाळाशी सैल लाटा, माथ्यावर बोटाएवढी वेटोळी आणि मानेवर लोकरीसारखे घट्ट केस असू शकतात. एका भागाला जे मानवते ते दुसऱ्याला मानवेलच असे नाही.

हे केस सांभाळण्याची विद्या शतकानुशतके आईच्या हातांतून मुलीच्या हातांत जात राहिली. मिश्रवंशीय मुलांच्या केसांचा इतिहास पाहायचा तर ही साखळी कुठे तुटली आणि पुन्हा कुणी जोडली, हे पाहावे लागते.

पश्चिम आफ्रिकेत केस विंचरणे आणि गुंफणे हे तासन्‌तास चालणारे काम होते. त्यासाठी लांब आणि विरळ दातांच्या लाकडी फण्या कोरल्या जात. योरुबा समाजात केशरचनेवरून बाईचे लग्न, वय आणि मान कळे. गुलाम म्हणून अमेरिकेत नेलेल्या माणसांच्या हातून या फण्याही गेल्या. मळ्यांवर मेंढीची लोकर पिंजायचे दातेरी औजारच फणीच्या जागी आले, तेलाऐवजी लोणी किंवा डुकराची चरबी आली. आठवड्यात मोकळा दिवस एकच, रविवार; केसांचे काम त्याच दिवशी होई. इतर दिवशी दोऱ्याने बांधलेले केस फडक्याखाली झाकलेले असत.

मळ्यांवर मिश्रवंशीय मुले मोठ्या संख्येने जन्मली आणि त्यांतली बरीच मालकांच्या जबरदस्तीतून. व्हर्जिनियाच्या 1662 च्या कायद्याने मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरवला. गुलाम बाईचे मूल गुलामच. या क्रूर कायद्याने मूल बापाच्या घरात न जाता आईच्या झोपडीत राहिले आणि त्याचे केस जाणत्या हातांत राहिले. पण त्याच मळ्यांवर ‘चांगले केस’ हा शब्दप्रयोगही रुजला. गोऱ्यांच्या केसांच्या जितके जवळ, तितके चांगले. भावंडाभावंडांत भेद करणारे हे माप गुलामगिरी संपल्यावरही घराघरांत टिकले आणि लहान मुलींनी त्याचा त्रास सर्वांत जास्त सोसला.

1786 मध्ये स्पॅनिश अंमलाखालच्या लुईझियानात गव्हर्नर एस्तेबान मिरो याने फर्मान काढले. न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय स्त्रिया सजवलेल्या केसांनी मिरवत, ते थांबवून त्यांनी डोक्याला फडके बांधावे, असा त्याचा रोख होता. त्या स्त्रियांनी फडके बांधले खरे, पण रंगीत, उंच, पिळदार. त्यासाठी पसंतीचे कापड होते आपल्याकडच्या कोरोमंडल किनाऱ्यावरून जगभर गेलेला चौकटीचा मद्रासी रुमाल. खाली ठेवण्यासाठी लादलेली खूण अशी शोभेची वस्तू झाली.

विसाव्या शतकाच्या आरंभी या विद्येचा धंदा झाला. ॲनी मलोन आणि तिच्याकडे आधी विक्रेती म्हणून काम केलेली, पुढे मॅडम सी. जे. वॉकर या नावाने प्रसिद्ध झालेली सारा ब्रीडलव्ह या दोघींनी टाळूची मलमे घरोघर पोहोचवली. हजारो कृष्णवर्णीय स्त्रियांना त्यातून रोजगार मिळाला. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर तापवलेल्या लोखंडी फणीने केस सरळ करण्याची चाल याच काळात पसरली. मानेवरच्या सर्वांत घट्ट, हट्टी केसांना आफ्रिकी-अमेरिकी बोलीत आजही ‘किचन’ म्हणतात.

साखळी खऱ्या अर्थाने तुटली ती आई गोरी आणि बाप काळा अशी कुटुंबे वाढली तेव्हा. याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण दुसऱ्या महायुद्धातले ब्रिटन. 1942 पासून तिथे आलेल्या अमेरिकी फौजेत लाखाहून अधिक कृष्णवर्णीय सैनिक होते. त्यांच्यापासून ब्रिटिश स्त्रियांना सुमारे दोन हजार मुले झाली. लग्नाला वरिष्ठ अधिकाऱ्याची परवानगी लागे आणि काळा सैनिक व गोरी वधू असेल तर ती जवळजवळ नेहमीच नाकारली जाई. सैनिक परत गेले. बऱ्याच मुलांची रवानगी अनाथालयांत झाली. सॉमरसेटमधल्या होल्निकोट हाउसमध्ये अशी मुले एकत्र ठेवली होती. सांभाळणाऱ्या बायका प्रेमळ असल्या तरी त्यांच्या हातात बारीक दातांची फणी होती, आणि असे केस त्यांनी कधी हाताळलेले नव्हते. कोरड्या केसांत ती फणी माथ्यापासून खाली ओढली की पहिल्याच गाठीत अडकते. मूल रडते, केस तुटतो आणि उरलेली गाठ आणखी घट्ट होते. अशा वेळी सर्वांत सोपा उपाय म्हणजे कात्री. मुलीचे केस मुलासारखे कापले जाण्यामागे बहुतेक वेळा द्वेष नसे, अज्ञान असे. मुलीच्या वाट्याला येणारे दुःख मात्र त्यामुळे कमी होत नसे.

मदत समुद्रापलीकडून आली. 1948 मध्ये ‘एम्पायर विंडरश’ जहाज कॅरिबियन प्रवाशांना घेऊन टिलबरीला लागले आणि पुढच्या वर्षांत तिथल्या स्त्रिया लंडनच्या भाड्याच्या खोल्यांत एकमेकींचे केस करू लागल्या. त्रिनिदादची पियानोवादक विनिफ्रेड ॲटवेल हिने 1956 मध्ये ब्रिक्स्टनमध्ये केशकर्तनालय काढले. 1965 मध्ये टॉटनहॅममध्ये सुरू झालेल्या डाइक अँड ड्रायडनच्या दुकानातून तेले आणि मलमे मिळू लागली. मिश्रवंशीय मुलांच्या गोऱ्या आयांना विचारायला आता कुणीतरी होते. शेजारची जमैकन बाई, मुलाची आत्या किंवा आजी यांच्याकडून पुष्कळ जणी वेण्या घालायला शिकल्या.

दक्षिण आफ्रिकेत याच काळात केसांकडे पुरावा म्हणून पाहिले जात होते. 1950 च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानुसार प्रत्येकाचा वंश नोंदवला जाई. शंका आल्यास केसांत पेन्सिल खोचून पाहत. ती गळून पडली तर माणूस गोरा ठरण्याची शक्यता जास्त, अडकून राहिली तर नाही. 1966 मध्ये गोऱ्या आई-वडिलांच्या सँड्रा लेंग या मुलीला कातडी आणि केस यांवरून शाळेतून काढण्यात आले आणि तिची नोंद ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, अशी करण्यात आली.

अमेरिकेत 1967 च्या लव्हिंग खटल्याने आंतरवंशीय लग्नांवरची बंदी उठली. त्या वेळीही ती सोळा राज्यांत लागू होती. गोऱ्या कुटुंबांनी कृष्णवर्णीय आणि मिश्रवंशीय मुले दत्तक घेणेही वाढले. 1972 मध्ये कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या राष्ट्रीय संघटनेने अशा दत्तकाला कडाडून विरोध केला. त्यानंतरच्या वादात केसांचा विषय वारंवार निघू लागला, कारण न विंचरलेले डोके रस्त्यावरच्या कुणालाही दिसते.

आज सांगितली जाणारी पद्धत जुन्या विद्येचीच सुधारलेली आवृत्ती आहे. रोज धुतल्यास केस आणखी कोरडे पडतात, म्हणून आठवड्यातून एकदाच धुतात आणि तो दिवस राखून ठेवतात. ओल्या केसांना भरपूर कंडिशनर चोळून त्यांचे चार-सहा भाग करतात. एक भाग मुळापाशी मुठीत धरतात, म्हणजे टाळूला ओढ बसत नाही, आणि विरळ दातांची फणी आधी टोकाशी, मग बोटभर वर, असे करत मुळापर्यंत नेतात. मोठी गाठ बोटांनीच सोडवतात. मग ओलावा टिकवण्यासाठी वरून तेल लावून सैल वेण्या घालतात. वेणी फार आवळली तर कपाळाच्या कडेचे केस कायमचे जाऊ शकतात. सुती उशी ओलावा शोषते आणि केसांना घासते, म्हणून झोपताना सॅटिनची टोपी घालतात. मूल आईच्या गुडघ्यांमध्ये पाठ करून बसते आणि दीड-दोन तास गोष्टी चालतात. मायलेकींचे नाते घट्ट होते ते इथे.

1990 च्या दशकात केशरचनाकार आंद्रे वॉकर याने केसांची सरळपासून घट्ट वेटोळ्यांपर्यंत चार गटांत वर्गवारी केली आणि दुकानांतल्या बाटल्यांवर तिचे आकडे झळकू लागले. 2000 च्या जनगणनेत अमेरिकी नागरिकांना प्रथमच एकापेक्षा अधिक वंश नोंदवता आले. 68 लाख लोकांनी तसे नोंदवले. 2019 मध्ये कॅलिफोर्नियाने केसांचा पोत आणि वेण्यांसारख्या रचना यांवरून शाळेत वा कामावर भेदभाव करण्यास बंदी घातली. पुढे इतर अनेक राज्यांनीही तसे कायदे केले. केशकर्तनाच्या प्रशिक्षणात मात्र हे केस दीर्घकाळ वैकल्पिकच होते. ब्रिटनमध्ये 2021 मध्ये व्यावसायिक मानके बदलली आणि नव्याने शिकणाऱ्या प्रत्येक केशकर्तनकाराला सर्व प्रकारचे केस कापायला व विंचरायला शिकणे आवश्यक झाले. न्यूयॉर्क राज्याने 2023 मध्ये तसाच कायदा केला.