येरुशलेमविना येरुशलेमचे राजे

फ्रान्समधील प्वातिये नगराजवळ लुसिन्यां नावाचे एक लहानसे गाव आहे. येथील सरदार घराण्याने मध्ययुगात येरुशलेम, सायप्रस आणि किलिकियाचे आर्मेनिया ही तीन सिंहासने भूषविली. या वैभवाची कथा वाचताना मन मात्र विषण्ण होते.

११८० साली या घराण्यातील गी याचा विवाह येरुशलेमचा कुष्ठरोगी राजा चौथा बाल्डविन याची बहीण सिबिला हिच्याशी झाला. ११८६ साली राणी झालेल्या सिबिलेने स्वहस्ते पतीच्या मस्तकी मुकुट ठेवला. पुढच्याच वर्षी सलादीनने तिबेरियास वेढा घातला. त्या किल्ल्यात काउंट रेमंडची स्वतःची पत्नी अडकली होती. तरीही पाणवठा सोडून निर्जल पठारावर सैन्य नेऊ नये, असा सल्ला रेमंडनेच दिला. गीने तो मानला. परंतु टेम्पलर संघाच्या प्रमुखाने रात्री त्याचे मन फिरविले. ४ जुलै ११८७ रोजी हत्तीन येथे तहानेने व्याकूळ झालेल्या सैन्याचा धुव्वा उडाला. पवित्र क्रूसाचा अवशेष गेला, राजा बंदी झाला आणि २ ऑक्टोबरला येरुशलेमही पडले.

सुटका झालेल्या गीला ११९२ साली सायप्रस बेट मिळाले. त्याचा भाऊ एमरी ११९७ साली तेथील पहिला राजा झाला. १२९१ मध्ये आक्रे शहर पडले व पवित्र भूमीतील राज्य संपले; पदवी मात्र सुटली नाही. निकोसियात सायप्रसचा मुकुट धारण केल्यावर राजे फामागुस्तात येरुशलेमचाही मुकुट धारण करीत. १३७२ च्या अशाच सोहळ्यात राजाच्या घोड्याचा उजवा लगाम कोणी धरावा, यावरून व्हेनिस व जिनोव्हाचे लोक हातघाईवर आले. त्या दंगलीतून युद्ध पेटले आणि फामागुस्ता जिनोव्हाने बळकावले. अखेर १४८९ साली विधवा राणी कॅथरीन कोर्नारो हिने बेट व्हेनिसच्या स्वाधीन केले.

याहून मोठी खंत निराळीच आहे. बेटावरील प्रजा बहुतांशी ग्रीक ऑर्थोडॉक्स, म्हणजे ख्रिस्तीच होती. लॅटिन सत्तेने त्यांच्या बिशपांची संख्या चारवर आणून त्यांना आपल्या अधिकाराखाली ठेवले. मिस्साबलिदानातील भाकर बेखमीर की खमिराची, या वादापायी १२३१ साली कांतारा मठाच्या १३ संन्याशांना देहान्त शासन झाले. प्रेमाच्या संस्कारावरून बांधवांचे प्राण घेतले गेले! ४ मे २००१ रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी अथेन्समध्ये ऑर्थोडॉक्स बांधवांविरुद्ध कॅथलिकांनी केलेल्या पापांबद्दल परमेश्वराकडे क्षमा मागितली, तेव्हा अशा अनेक जखमांना शब्द लाभले.

ज्या नगरीत प्रभूने काट्यांचा मुकुट धारण केला, त्याच नगरीच्या नावाचा सुवर्णमुकुट या राजांनी मिरविला. पदवी, मान आणि मिरवणुकीतील जागा यांसाठी आजही आपण झगडतोच ना? मग घोड्याच्या लगामावरून भांडणाऱ्यांना हसण्याचा अधिकार आपल्याला कितपत आहे?